हेमाडपंत : दफ्तराचा माणूस, देवळांना नाव

आपल्या परभणी जिल्ह्यात काळ्या दगडाचं कुठलंही जुनं देऊळ दाखवा, लोक चटकन हेमाडपंती म्हणून मोकळे होतात. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची देवळे, गंगाखेडकडील धारासूरचे गुप्तेश्वर, आणि १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेले औंढा नागनाथ, सगळ्यांवर एकच शिक्का. पण ज्यांच्या नावाचा हा शिक्का, ते हेमाडपंत गवंडीही नव्हते आणि स्थपतीही नव्हते.

मूळ नाव हेमाद्री, वडील कामदेव. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीच्या यादवांकडे, आधी महादेवराय आणि मग रामदेवराय यांच्या पदरी, ते श्रीकरणाधिप होते. म्हणजे राज्याच्या दफ्तराचे प्रमुख. आम्हा बँकवाल्यांना हा माणूस जवळचा वाटतो तो यामुळेच! मोडी लिपी रुळवण्याचे श्रेयही परंपरा त्यांनाच देते; ती त्यांनी लंकेहून आणली ही मात्र दंतकथा.

त्यांचा खरा पिंड वर्गवारीचा. चतुर्वर्गचिंतामणि या प्रचंड संस्कृत ग्रंथात त्यांनी व्रते, दाने, श्राद्धे यांची खंडवार मांडणी केली. व्रतखंडात यादवांची वंशावळ दिली, ती आजही इतिहासकारांच्या कामी येते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर टीका लिहिली, बोपदेवासारख्या पंडिताला आश्रय दिला. एवढा व्याप सांभाळून हे सगळं कधी केलं असेल कोण जाणे.

आणि अशा काटेकोर माणसाच्या नावावर देवळांची वर्गवारी मात्र ढिसाळ झाली. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे, म्हणजे हेमाडपंतांच्या दोनशे वर्षे आधीचे, तरी तेही हेमाडपंती! इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनीही चुन्याशिवाय रचलेल्या दगडी बांधकामाला सरसकट हेच नाव लावले. त्यांनी काही देवळे बांधवली असतील, पण शैली त्यांच्या आधीपासूनची.

खरा प्रकार ओळखायचा तर नाव बाजूला ठेवून बांधणी पाहावी. घडीव दगड एकमेकांत खाचा करून बसवलेले, भार वजनावर तोललेला. भिंती सरळ न जाता कोन काढत जातात, काही ठिकाणी खालचा आराखडा चांदणीसारखा होतो. अंबरनाथ, सिन्नरचे गोंदेश्वर यांच्या शिखरावर चार बाजूंना चार पट्टे वर चढतात आणि मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी असतात. अभ्यासक याला भूमिज म्हणतात.

आपल्या आवारातील देवळाच्या वेळी सभेत हेमाडपंती हवे असा आग्रह झाला होता. झालं काय, तर सिमेंटच्या भिंतीवर दगडाच्या रंगाच्या फरश्या. त्यापेक्षा कोन काढत जाणारी भिंत आणि सावलीचा खांबांचा मंडप घेतला असता, तर विटांतही तो प्रकार उतरला असता, आणि मे महिन्यात म्हाताऱ्यांना बसायला जागा झाली असती. मंडप अजूनही होऊ शकतो; पूर्वेकडची जागा मोकळीच आहे.