नामदार गोखले आणि नाताळचे गिरमिटिये

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. फर्ग्युसन कॉलेजातली प्राध्यापकी, १९०५ ची भारत सेवक समाजाची स्थापना, गांधीजींचे गुरू, एवढं सांगून आपण पुढे जातो. आफ्रिकेचं राहूनच जातं.

दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या उसाच्या मळ्यांवर आपले लोक पाच वर्षांच्या करारावर, म्हणजे गिरमिटावर, नेले जात. (शिरूर-दौंडकडच्या मुलांनी उचल घेऊन आलेली ऊसतोड कुटुंबं पाहिलेली असतात, त्यांना हे चटकन कळतं.) करार संपल्यावर तिथेच मोकळेपणी राहायचं तर माणशी वर्षाला ३ पौंड कर! बाईलाही, १६ वर्षांवरच्या मुलालाही. प्रजा एकाच साम्राज्याची, पण हक्क वेगळे.

१९१० मध्ये गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात ठराव मांडला. पुढच्या वर्षी नाताळसाठीची मजूरभरती थांबली. मधुमेह असूनही १९१२ मध्ये ते स्वतः तिकडे गेले, पंतप्रधान बोथा आणि मंत्री स्मट्स यांच्याशी बोलले. कर जाणार, अशी त्यांची खात्री झाली. वर्षभरातच स्मट्स यांनी असं वचन दिल्याचं नाकारलं. गांधीजींचा सत्याग्रह पेटला; इकडे आजारी गोखल्यांनी त्यासाठी देशभरातून पैसा उभा केला. १९१४ ला कर रद्द झाला. मताचा हक्क मात्र नाहीच मिळाला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते गेले. वय अवघं ४८.