गडावर मुक्काम करणारे लेखक : गो. नी. दांडेकर

महाड-पोलादपूरच्या मुलांना रायगड वेगळा काय दाखवायचा, असं आपल्याला वाटतं. गेल्या वर्षी आमची सहल गेली. रोपवेने वर, दोन तासांत सगळं बघून खाली. दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला दिला, तर निम्म्या वह्यांत रोपवेच्या पाळण्याचंच वर्णन! तेव्हाच ठरवलं, पुढच्या सहलीआधी मुलांना गोनीदा सांगायचे.

गोपाळ नीलकंठ दांडेकर यांचा जन्म ८ जुलै १९१६ रोजी अमरावती जिल्ह्यातील परतवाडा येथे झाला. वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्य चळवळीच्या ओढीने त्यांनी शाळा आणि घर दोन्ही सोडले. इथे वर्गात एखादा तरी विचारणारच, गुरुजी, मग आम्ही कशाला यायचं शाळेत? हा प्रश्न टाळू नये. घर सोडलेल्या त्या मुलाला पुढची कित्येक वर्षे कुठेच बूड टेकता आले नाही, हेही सांगावे. गाडगे महाराजांच्या सहवासात ते राहिले, वेदान्ताचा अभ्यास केला, नर्मदेची परिक्रमा पायी केली. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब, आणि परिक्रमेत दोन्ही काठ चालायचे असतात! त्या वाटचालीतून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली. भटकंतीच्या वर्षांच्या आठवणी ‘स्मरणगाथा’त आहेत. तिला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पुढे तळेगाव दाभाडे येथे त्यांनी संसार थाटला आणि लेखणीवरच घर चालवले. पण पायांची सवय सुटली नाही. ‘दुर्गदर्शन’, ‘किल्ले’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ ही पुस्तके त्या सवयीचीच. राजगड आणि आपला रायगड हे त्यांचे विशेष लाडके. रोपवे आला १९९६ साली. त्याआधी सगळ्यांनाच पायी चढावे लागे. गोनीदा पुन्हा पुन्हा जात, गडावर मुक्काम करीत, बरोबर इतरांनाही नेत, कॅमेराही असे. मुक्काम केला की गड वेगळा दिसतो बरं का! आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, म्हणून टकमक टोकाचा कडा असा तासल्यासारखा उभा. सकाळी धुक्यात तो दिसतसुद्धा नाही, आणि संध्याकाळी उन्हं कलली की त्याचा एकेक थर मोजता येतो. दोन तासांच्या सहलीत हे कुठलं दिसायला!

आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की, डोंगरातली साधी माणसं त्यांच्या कादंबऱ्यांचे नायक झाली. ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंग किल्ल्याचा हवालदार, ‘माचीवरला बुधा’ मुंबई सोडून राजमाचीवर राहायला आलेला म्हातारा, ‘जैत रे जैत’मधले ठाकर. गडाखालच्या वाड्यांतून येणाऱ्या आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगा. गोष्टीत आपल्यासारखीच माणसं आहेत म्हटल्यावर मागच्या बाकावरचे चेहरे कसे बदलतात ते पाहा.

अकोल्याला १९८१ साली झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

यंदा आमची सहल दोन दिवसांची आहे. पाचाडला मुक्काम, जिजाऊंच्या समाधीचे दर्शन, आणि पहाटे चित दरवाजाकडून पायी वर. पालकसभेत बरीच कुरकुर झाली. एका आजोबांनी मात्र एवढंच विचारलं की, एवढी माणसं गडावर राहायची, तर पाणी कुठलं प्यायची? गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त ही नावं फळ्यावर लिहून उत्तर शोधायचं काम सातवीकडे दिलंय.