‘पीटर’ ते ‘अ‍ॅना’ : टॉलस्टॉयने सोडून दिलेली कादंबरी

लिओ टॉलस्टॉयच्या (१८२८–१९१०) वाङ्मयीन चरित्रात १८७३ सालच्या मार्च महिन्याला वेगळे महत्त्व आहे. जवळजवळ तीन वर्षे ज्या ऐतिहासिक कादंबरीची तयारी त्याने चालविली होती ती त्या महिन्यात बाजूला पडली आणि कोणताही आराखडा हाताशी नसताना दुसऱ्याच एका कादंबरीचे लेखन सुरू झाले. पहिली कादंबरी झार पीटर पहिला याच्या काळावरची. ती कधीच लिहून झाली नाही. दुसरी ‘अ‍ॅना कॅरेनिना’. टॉलस्टॉयविषयीच्या लेखनात ही घटना बहुधा आख्यायिकेच्या थाटात सांगितली जाते. पुश्किनचे पुस्तक सहज हाती आले, एक वाक्य वाचले आणि प्रतिभेचा बांध फुटला, असे तिचे स्वरूप असते. घटनेतील तपशील खरे आहेत. परंतु योजना टाकून दिली की लेखन सुकर होते, हा जो निष्कर्ष त्यांतून काढला जातो तो टॉलस्टॉयच्या पुढच्या चार वर्षांच्या आयुष्याशी मुळीच जुळत नाही.

योजना आखण्याची हौस टॉलस्टॉयला तरुणपणापासून होती. तुला प्रांतातील यास्नाया पोल्याना या वडिलोपार्जित जहागिरीवर तो जन्मला. दोन वर्षांचा होण्यापूर्वीच आई गेली, नवव्या वर्षी वडील गेले; आत्यांच्या छायेत तो वाढला. १८४४ साली कझान विद्यापीठात त्याने प्रवेश घेतला आणि १८४७ साली पदवी न घेताच ते सोडले. त्याच वर्षी सुरू झालेल्या त्याच्या रोजनिशीत दिनक्रमाची वेळापत्रके, अभ्यासाच्या विषयांच्या याद्या आणि आचरणाचे नियम यांची गर्दी आहे. आणि ते नियम आदल्याच दिवशी कसे मोडले याच्या कबुल्याही त्याच पानांवर आहेत. नियम करणे, ते मोडणे आणि मोडल्याचा हिशेब ठेवणे ही त्याच्या मनाची जडणघडणच होती. कॉकेशसमधील सैनिकी जीवन, १८५२ साली प्रसिद्ध झालेले ‘बालपण’, सेव्हास्तोपोलच्या वेढ्यातील अनुभव, यास्नाया पोल्यानातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली शाळा आणि १८६२ साली सोफिया आंद्रेयेव्ना बेर्सशी झालेला विवाह हे टप्पे सर्वपरिचित आहेत.

संकल्पित कादंबरी एक आणि प्रत्यक्ष लिहिली गेली ती दुसरी, असा प्रकार १८७३ पूर्वीही एकदा घडला होता. १८६० च्या सुमारास टॉलस्टॉयने एका ‘डिसेंब्रिस्टा’वर, म्हणजे १८२५ च्या फसलेल्या उठावात भाग घेऊन सैबेरियात शिक्षा भोगलेल्या आणि १८५६ साली वृद्धपणी परत आलेल्या सरदारावर, कादंबरी योजली होती. त्या माणसाला समजून घेण्यासाठी उठावापर्यंत मागे जाणे भाग पडले, उठाव समजून घेण्यासाठी १८१२ च्या नेपोलियनच्या स्वारीपर्यंत, आणि तेथून १८०५ पर्यंत. ज्याच्यासाठी हा प्रवास सुरू झाला तो वृद्ध सरदार मागेच राहिला. १८६९ साली पूर्ण झाली ती ‘युद्ध आणि शांती’. तरीही या दोन प्रसंगांत फरक आहे. पहिल्या वेळी मूळ कल्पनाच वाढत वाढत दुसरीकडे गेली होती. दुसऱ्या वेळी मात्र तुटलेपण संपूर्ण होते.

पीटरच्या कादंबरीची तयारी १८७० मध्ये सुरू झाली. मध्ये ग्रीक भाषेचा झपाटा आला, प्रकृती ढासळल्यामुळे समाराच्या गवताळ प्रदेशात घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा उपचार झाला, मुलांसाठी ‘अक्षरपाठ’ रचण्यात आणि छापून घेण्यात १८७२ साल गेले. पण विषय सुटला नव्हता. १८७२–७३ च्या हिवाळ्यात त्याने या कामाला अक्षरशः वाहून घेतले. त्या काळातील पोशाख, घरे, चालीरीती, बोलण्याचे प्रकार यांच्या नोंदी त्याने निरनिराळ्या टिपणवह्यांत विषयवार करून ठेवल्या. मित्रांकडून ग्रंथ मागविले. त्याच्या पूर्वजांपैकी प्योत्र आंद्रेयेविच टॉलस्टॉय हा पीटरचा विश्वासू अधिकारी. घराण्याला सरदारकी मिळाली ती त्याच्यामुळे, आणि परदेशी पळून गेलेल्या युवराज अलेक्सीला गोड बोलून परत आणून मृत्यूच्या तोंडी देण्यातही त्याचाच हात. विषयात घरचे रक्त मिसळलेले होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

एवढे असून कादंबरी पुढे सरकेना. तिचे अनेक आरंभ लिहिले गेले. एक १६८९ मधील सत्तासंघर्षापासून निघतो, दुसरा अझोवच्या मोहिमेपासून, आणखी एखादा शेतकऱ्याच्या झोपडीतून. प्रत्येक आरंभ काही पानांवर थबकतो. सोफियाने त्या हिवाळ्यात आपल्या पत्रांतून आणि नोंदींतून या धडपडीची हकिगत लिहून ठेवली आहे. पतीच्या अभ्यासाविषयीचा आदर आणि हे सारे कशाला ही शंका अशी दोन्ही त्यांत आहेत. आपल्या अपयशाचे कारण टॉलस्टॉयने पुढे सांगितले ते असे, की त्या काळच्या माणसांचे रोजचे जगणे त्याला डोळ्यांसमोर उभे करता येईना. शिवाय पीटरविषयीचे त्याचे मत अभ्यासाबरोबर प्रतिकूल होत गेले होते. यातील पहिले कारण अधिक मोलाचे मानले पाहिजे. ‘युद्ध आणि शांती’तील पिढी त्याच्या आजोबांची होती, तिचे आवाज घरातील वृद्धांच्या बोलण्यात त्याने ऐकले होते. पीटरचा काळ केवळ कागदांत होता. टिपणे वाढत गेली तसतशी माणसे दूर जात राहिली. साधनसामग्री आणि निर्मिती यांचे प्रमाण व्यस्त असू शकते, ही गोष्ट ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासकांनी या टिपणवह्यांवरून तपासून पाहण्याजोगी आहे.

१८७३ च्या मार्चच्या उत्तरार्धात (जुन्या रशियन कालगणनेनुसार) पुश्किनच्या गद्याचा एक खंड घरात पडलेला होता. थोरला मुलगा सेर्गेई वृद्ध आत्याला त्यातून वाचून दाखवीत असे. टॉलस्टॉयने तो उचलला आणि तो वाचतच राहिला. एका अपूर्ण कथेचा आरंभ त्याच्या नजरेत भरला. पाहुणे जमू लागले आहेत, एवढ्यावर ती कथा सुरू होते. स्थळवर्णन नाही, पात्रपरिचय नाही, काळाची पार्श्वभूमी नाही. त्याच सुमारास त्याने लिहायला घेतले. समीक्षक मित्र निकोलाय स्त्राखोव याला लिहिलेल्या, पण तेव्हा न पाठविलेल्या पत्रात त्याने कळविले होते, की हेतू नसताना, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना व्यक्ती आणि प्रसंग मनात येत गेले, आणि कादंबरी पंधरवड्यात तयार होईल.

कादंबरी पूर्ण होण्यास चार वर्षे लागली.

आराखडा नव्हता याचा अर्थ मनाची पाटी कोरी होती असा नव्हे. १८७० च्या फेब्रुवारीतच त्याने सोफियाला उच्चभ्रू समाजातील एका पतित विवाहितेची कल्पना सांगितली होती. ती अपराधी न वाटता केवळ करुणेस पात्र वाटावी असा त्याचा विचार होता. १८७२ च्या जानेवारीत शेजारच्या एका जमीनदाराच्या घरातील स्त्रीने मत्सराच्या आवेगात यासेंकी स्थानकावर मालगाडीखाली जीव दिला, आणि तिच्या शवविच्छेदनाच्या वेळी टॉलस्टॉय हजर होता. या दोन गोष्टी टिपणांच्या ढिगाखाली निपचित पडून होत्या. पीटरसाठी वह्या होत्या. या स्त्रीसाठी एकही वही नव्हती. पुश्किनच्या त्या वाक्याने कथानक पुरविले नाही, त्याने फक्त दार दाखविले.

आरंभीचे खर्डे पाहिले म्हणजे हा लेखक किती अंधारात चालला होता हे ध्यानात येते. पहिल्या खर्ड्याची सुरुवात, पुश्किनच्या धर्तीवर, नाट्यगृहातून परतलेल्या पाहुण्यांच्या मेळाव्याने होते. छापील कादंबरीत तो प्रसंग दुसऱ्या भागात गेला आहे. नायिकेचे नाव तात्याना आहे आणि ती बरीचशी उथळ, भडक अशी आहे. सहानुभूती आहे ती तिच्या सालस नवऱ्याकडे. ल्येविनचा अजून पत्ताच नाही. जो माणूस शेवटी जवळजवळ अर्धी कादंबरी व्यापतो, ज्याच्या मुखाने टॉलस्टॉय स्वतःचे प्रश्न विचारतो, तो आरंभीच्या कल्पनेत नव्हताच. खर्ड्यामागून खर्डे होत गेले तसतशी अ‍ॅना मोठी होत गेली आणि पती कोरडा होत गेला. १८७० मधील करुणेचा विचार पुन्हा पृष्ठभागावर आला, पण तो ठरवून नव्हे; त्या स्त्रीच्या सहवासात काही काळ राहिल्यावर.

या वर्षांत घरात मृत्यूंची मालिका चालू होती. १८७३ च्या नोव्हेंबरात धाकटा मुलगा प्योत्र गेला. १८७४ च्या जूनमध्ये मातेसमान तात्याना आत्या गेली. १८७५ मध्ये आणखी एक तान्हा मुलगा, त्यानंतर अकाली जन्मलेली मुलगी आणि वर्षअखेरीस दुसरी आत्या. १८७४ साली पहिला भाग पुस्तकरूपाने छपाईला दिला गेला होता. तो टॉलस्टॉयने मधेच थांबविला. जमीनखरेदीसाठी पैशाची गरज होती म्हणूनच अखेर कात्कोवच्या ‘रुस्की वेस्तनिक’ या मासिकाशी व्यवहार झाला आणि १८७५ च्या जानेवारीपासून कादंबरी क्रमशः येऊ लागली. मध्ये महिनोन्‌महिने खंड पडे. मुद्रिते तो इतकी खोडून काढी की ती पुन्हा स्वच्छ नकलून दिल्याशिवाय छापखान्याला वाचता येत नसत. ते नकलून काढण्याचे काम रात्री बसून सोफिया करी. आराखड्यावाचून लिहिण्याची किंमत कोणी मोजली, असे विचारायचे झाले तर पहिले नाव तिचे घ्यावे लागेल. लेखकाच्या मनातील बदललेली प्रत्येक दिशा तिच्या हातून पुन्हा एकदा लिहिली गेली आहे. टॉलस्टॉयला स्वतःला या कादंबरीचा मध्यंतरी चक्क कंटाळा आला होता. पत्रांतून त्याने तो लपविलेला नाही.

१८७६ च्या एप्रिलमध्ये स्त्राखोवला लिहिलेल्या पत्रात त्याने एक अनुभव सांगितला आहे. आजारी अ‍ॅनाच्या बिछान्याजवळ तिचा पती आणि व्रॉन्स्की यांची गाठ पडते; त्यानंतरचे प्रकरण तो पुन्हा लिहीत असता व्रॉन्स्कीने स्वतःवर गोळी झाडून घेण्याची तयारी केली. लेखकाला हे अनपेक्षित होते, पण त्याविषयी शंका नव्हती. आणि मागाहून असे दिसून आले की पुढील रचनेसाठी ते अत्यावश्यकच होते. त्याच पत्रात, आपल्याला काय म्हणायचे आहे ते सांगायचे तर पहिल्यापासून शेवटपर्यंत हीच कादंबरी पुन्हा लिहावी लागेल, असेही तो सांगतो. पात्रे स्वतंत्रपणे वागतात, ही लेखकांची लाडकी तक्रार आहे आणि तिच्यावर सहसा फार विश्वास ठेवू नये. पण इथे टॉलस्टॉयचा भर पात्राच्या स्वातंत्र्यावर नाही, त्या अनपेक्षित कृतीला नंतर लाभलेल्या अपरिहार्यतेवर आहे. रचना लेखनाच्या आधी नव्हती. पण ती नव्हतीच असे मात्र नाही.

शेवटचा भाग या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. अ‍ॅनाच्या मृत्यूनंतर व्रॉन्स्की सर्बियाच्या युद्धावर स्वयंसेवक म्हणून निघतो. ते युद्ध १८७६ सालचे. म्हणजे १८७३ च्या मार्चमध्ये कितीही काटेकोर आराखडा केला असता तरी कादंबरीचा हा शेवट त्यात असणे शक्यच नव्हते. त्या स्वयंसेवकांविषयी ल्येविनच्या गोटातून व्यक्त झालेली साशंकता कात्कोवला मानवली नाही. त्याने आठवा भाग छापण्याचे नाकारले आणि १८७७ साली टॉलस्टॉयने तो स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. त्या उन्हाळ्यात स्त्राखोव यास्नाया पोल्यानाला येऊन राहिला आणि दोघांनी मिळून पुस्तकरूपासाठी मजकूर तपासला. ग्रंथ १८७८ मध्ये निघाला.

कादंबरीत दोन विषय शेजारी शेजारी आहेत, त्यांना जोडणारे शिल्प नाही, असा आक्षेप प्राध्यापक राचिन्स्कीने घेतला. १८७८ च्या जानेवारीत टॉलस्टॉयने त्याला दिलेले उत्तर स्वाभिमानाचे आहे: आपल्याला अभिमान आहे तो नेमका या शिल्पाचाच; कमानी अशा जुळविल्या आहेत की त्यांची मधली चावी कुठे आहे हे दिसू नये; आणि बांधकामाचा सांधा कथानकात किंवा पात्रांच्या परिचयात नसून आतल्या संबंधांत आहे. ज्याने आराखड्यावाचून आरंभ केला त्याने वास्तुशिल्पाची भाषा वापरावी यात विसंगती वाटेल. परंतु खर्ड्यांचा क्रम पाहिला तर ती उरत नाही. चाव्या बसविल्या गेल्या त्या कमानी उभ्या राहिल्यावर.

याच सुमारास टॉलस्टॉय पुन्हा योजनेकडे वळला. १८७८ मध्ये जुन्या डिसेंब्रिस्टांचा विषय त्याने परत हाती घेतला. हयात असलेल्या वृद्ध डिसेंब्रिस्टांच्या भेटी घेतल्या, पीटर्सबर्गला जाऊन त्यांचा तुरुंग असलेला किल्ला पाहिला, कागदपत्रे जमविली, पुन्हा आरंभ लिहिले. १८७९ मध्ये तेही थांबले. या वेळी मात्र पुश्किनचे पुस्तक हाती आले नाही. आली ती ल्येविनच्या अखेरच्या प्रकरणांतून वर आलेली जगण्याच्या अर्थाविषयीची भीती, आणि तिच्यातून ‘कबुलीजबाब’. पुढचे ‘पुनरुत्थान’ पूर्ण व्हायला १८८९ ते १८९९ अशी दहा वर्षे लागली. १९१० च्या नोव्हेंबरात घर सोडून निघालेल्या टॉलस्टॉयचा अस्तापोवो येथील रेल्वेस्थानकावर मृत्यू झाला.

पीटरच्या कादंबरीचे ते सारे आरंभ त्याच्या समग्र साहित्याच्या नव्वद खंडांच्या आवृत्तीत (१९२८–१९५८) सतराव्या खंडात छापले आहेत. अठरा आणि एकोणीस या खंडांत ‘अ‍ॅना कॅरेनिना’ आहे, आणि विसावा खंड सबंध तिच्या खर्ड्यांनी भरला आहे.