क्ष-किरणांचा शोध लावणारे राँटजेन

विल्हेल्म कॉनरॅड राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. त्यांचे वडील कापडाचे व्यापारी होते. विल्हेल्म तीन वर्षांचा असताना घरची मंडळी हॉलंड देशात राहायला गेली.

शाळेत एक गोष्ट घडली. वर्गातल्या एका मुलाने गुरुजींचे गमतीचे चित्र काढले. गुरुजी फार रागावले. चित्र कोणी काढले ते विल्हेल्मला ठाऊक होते, पण त्याने मित्राचे नाव सांगितले नाही. मग काय, त्यालाच शाळेतून काढून टाकले! तरी तो खचला नाही. १८६५ साली तो स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे शिकायला गेला. तिथे यंत्रांचे शिक्षण घेऊन १८६९ साली त्याने डॉक्टर ही पदवी मिळवली. ही औषध देणाऱ्या डॉक्टरची पदवी नव्हे, मोठा अभ्यास केला की मिळते ती.

१८७२ साली त्यांचे बर्था यांच्याशी लग्न झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. बर्थाबाईंच्या भावाची लहान मुलगी त्यांनी आपली म्हणून वाढवली. पुढे राँटजेन वुर्झबर्ग गावी विद्यापीठात प्राध्यापक झाले.

८ नोव्हेंबर १८९५ हा दिवस सर्वांनी लक्षात ठेवावा. त्या दिवशी राँटजेन अंधाऱ्या खोलीत प्रयोग करत होते. काचेच्या नळीतून त्यांनी वीज सोडली होती. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली होती. तरी थोड्या अंतरावरचा रसायन लावलेला पडदा चमकू लागला. त्यांना नवल वाटले. पुठ्ठ्यातून उजेड तर बाहेर येत नाही, मग हे काय? त्यांनी मध्ये लाकूड धरले, जाड पुस्तक धरले, तरी पडदा चमकतच राहिला. शिसे धरले तेव्हा मात्र सावली पडली. मध्ये हात धरला तर हाडांची सावली दिसली! हे किरण कसले ते माहीत नव्हते, म्हणून त्यांनी नाव दिले क्ष-किरण. गणितात माहीत नसलेल्या संख्येला आपण क्ष म्हणतो, तसेच.

२२ डिसेंबर १८९५ रोजी त्यांनी बर्थाबाईंच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडे आणि बोटातली अंगठी दिसत होती. बर्थाबाई घाबरूनच गेल्या.

ही बातमी जगभर पसरली. फेब्रुवारी १८९६ मध्ये अमेरिकेत एक १४ वर्षांचा मुलगा बर्फावर खेळताना पडला होता. त्याच्या मनगटाचा फोटो काढायला २० मिनिटे लागली. त्याला तेवढा वेळ हात न हलवता बसावे लागले. फोटोत मोडलेले हाड दिसले. आता फोटो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघतो.

मित्रांनो, मुलांची हाडे मोठ्या माणसांसारखी नसतात. वाळकी काडी कट्‌कन मोडते, पण कडुनिंबाची ओली फांदी वाकवली तर एका बाजूने चिरते आणि दुसऱ्या बाजूने नुसती वाकते. मुलांचे हाड पुष्कळदा तसेच मोडते. फोटोत ते एका बाजूला चिरलेले दिसते. शिवाय हाडाच्या टोकाजवळ मऊ कूर्चा असते, तिथून आपण वाढतो. ती फोटोत दिसत नाही, तिथे काळी फट दिसते. ती फट म्हणजे मोडलेले हाड नव्हे. ओळखायला कठीण गेले तर डॉक्टर कधीकधी चांगल्या हाताचाही फोटो काढून ताडून बघतात. काही आठवड्यांनी मोडल्या जागी पांढरा ढग दिसू लागतो. ते नवीन हाड असते.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शाळेतला एक मुलगा बांधावरून घसरून पडला. हात सुजला, पण बोटं हलत होती. म्हणून घरच्यांना वाटलं, लचकला असेल. दोन दिवस हळदीचा लेप लावला. रात्री तो दुखण्याने रडायचा. शेवटी तालुक्याला नेऊन फोटो काढला, तर हाड ओल्या फांदीसारखं मोडलेलं! पलास्टर घातले. आता तो पुन्हा विटीदांडू खेळतो.

१९०१ साली पहिले नोबेल पारितोषिक सुरू झाले. पदार्थविज्ञानाचे पहिलेच पारितोषिक राँटजेन यांना मिळाले. ते पैसे त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकले. आपल्या शोधावर त्यांनी हक्क सांगितला नाही. हक्क सांगितला असता तर ते खूप श्रीमंत झाले असते. पण शोध सगळ्यांच्या उपयोगी पडावा, असे त्यांना वाटे. महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची किंमत उरली नाही, तेव्हा त्यांची शिल्लकही गेली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

राँटजेन यांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही, म्हणून गरिबाच्या मुलाचेही हाड आज दिसते. आलेल्या पालकांना विनंती की, मूल पडले आणि हात-पाय सुजला तर नुसता लेप लावून थांबू नका. दवाखान्यात न्या.

इयत्ता ४ थी