पाठनिर्णयाचे व्रत : कै. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर

आपल्या मंडळाच्या कुटुंबांतून विद्यापीठाच्या उच्च पदव्या मिळविणारी मुले-मुली आता घरोघर दिसतात, पीएच.डी.चा प्रबंध लिहिणारेही थोडे नाहीत. त्याचबरोबर दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून सादर केल्याच्या, किंवा हवा तो निष्कर्ष निघावा म्हणून आकडे जुळवून घेतल्याच्या वार्ताही वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळतात. म्हणून डॉ. सुखटणकरांचे चरित्र या स्मरणिकेसाठी निवडले. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच; तेव्हा पंडितांच्या वादात न शिरता त्यांच्या कार्यपद्धतीविषयीच लिहिणे बरे.

डॉक्टरांचा जन्म ४ मे १८८७ रोजी झाला. केंब्रिजला त्यांनी अभ्यास केला तो गणिताचा! पुढे ते संस्कृताकडे वळले आणि बर्लिन येथे प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखाली शाकटायनाच्या व्याकरणावर त्यांनी प्रबंध लिहिला. स्वदेशी परतल्यावर काही काळ पुराणवस्तु-संशोधन खात्यात नोकरी केली. त्रिवेंद्रमला सापडलेली तेरा नाटके भासाचीच, असे १९१२ पासून मोठ्या उत्साहाने प्रतिपादिले जात होते. विद्वानांचे दोन तट पडले. सुखटणकरांनी त्या नाटकांचा बारकाईने अभ्यास केला. पण पुरेसा पुरावा हाती येईपर्यंत निर्णय राखून ठेवावा, हीच भूमिका घेतली. गणित्याच्या अंगी असलेला हा संयम पुढे त्यांच्या फार उपयोगी पडला.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे कार्य १९१९ मध्ये आरंभिले. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले होते. १९२५ साली प्रधान संपादकत्व सुखटणकरांकडे आले. एकट्या आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्या ठाऊक होत्या. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मलयाळम, देवनागरी अशा नाना लिपींत त्या लिहिलेल्या. त्यांपैकी सुमारे ७० तपासून ६० पोथ्यांचा प्रत्यक्ष उपयोग करण्यात आला. चौकटी आखलेल्या कागदांवर श्लोकाचे एकेक अक्षर एकेका घरात मांडावयाचे आणि प्रत्येक पोथीतील भेद त्याखाली नोंदवावयाचा. हे काम पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन व तंजावर येथेही चाले. ज्याने शाळेत दोनशे उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्याला या कामाची थोडीफार कल्पना येईल, थोडीफारच.

आता व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही कथा कोणत्या मराठी घरात ठाऊक नाही? लेखणी थांबू द्यावयाची नाही, ही गणपतीची अट, आणि अर्थ कळल्यावाचून लिहावयाचे नाही, ही व्यासांची. पण पोथ्या ताडून पाहता ही कथा सर्व शाखांत आढळेना. उत्तरेच्या व दक्षिणेच्या पोथ्या परस्परांशी संबंध नसता जेथे जुळतात, तो पाठ जुना मानावयाचा, हा नियम एकदा स्वीकारला की त्याला आवडीनिवडीचा अपवाद करता येत नाही. सुखटणकरांनी ती कथा मुख्य संहितेतून काढली. लोकांना काय वाटेल, हा विचार त्यांनी आड येऊ दिला नाही. मात्र ती त्यांनी टाकून दिली नाही. परिशिष्टात ती संपूर्ण छापली आणि कोणत्या पोथ्यांत आहे, कोणत्यांत नाही, हेही नमूद केले. गाळलेली प्रत्येक ओळ अशीच तळटीपेत किंवा परिशिष्टात सापडते. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नसेल, त्याच्या हाती त्या निर्णयाविरुद्धचा पुरावा संपादकानेच देऊन ठेवला आहे.

याहूनही एक लहानशी गोष्ट आम्हांस मोठी वाटते. संहितेतील जो शब्द डॉक्टरांना निश्चित वाटला नाही, त्याखाली त्यांनी नागमोडी रेषा छापविली, आणि जेथे पोथ्यांचा आधार नसता स्वतःच्या तर्काने दुरुस्ती केली, तेथे तारका घातली. अशा दुरुस्त्या त्यांनी अगदी मोजक्या केल्या. ही आवृत्ती म्हणजे व्यासांचे मूळ शब्द होत, असा दावाही त्यांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या बळावर जितके मागे जाता येते, तितके आपण गेलो, एवढेच त्यांचे म्हणणे होते. वर्षानुवर्षांच्या श्रमांनंतर आपल्याच ग्रंथाच्या पानोपानी शंकेची रेषा ओढणे किती जणांना साधेल?

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज यांच्याकडून आदिपर्वाची एक अतिशय जुनी पोथी उजेडात आली. ग्रंथ छापून झाला होता, गौरवही झाला होता. तरीही सुखटणकरांनी ती पोथी आपल्या संहितेशी ताडून पाहिली आणि परीक्षण संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी स्वीकारलेल्या अनेक पाठांना तिने पुष्टीच दिली.

१९४२ मध्ये त्यांचे आरण्यकपर्व प्रकाशित झाले. महाभारताच्या अर्थावर मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने त्यांची चार व्याख्याने ठरली होती. तीन झाली. २१ जानेवारी १९४३ रोजी डॉक्टरांचे निधन झाले आणि चौथे व्याख्यान द्यावयाचे राहून गेले. आवृत्तीचे काम डॉ. बेलवलकर व त्यांच्यामागून डॉ. प. ल. वैद्य यांनी चालविले. ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. न दिलेल्या त्या चौथ्या व्याख्यानाचे लिखाण मात्र तयार होते. इतर तिहींसह ते १९५७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.