बोलून गेला अन् जगभर फिरला! कोण होता रॉबर्ट फुल्टन?

१९३२. व्हिएन्नात वास्तुकला शिकलेला २३ वर्षांचा अमेरिकन रॉबर्ट फुल्टन लंडनमध्ये एका मेजवानीत सहज बोलून गेला, की आपण मोटारसायकलने जगाला वळसा घालूनच घरी जाणार. टेबलावर डग्लस मोटारसायकल कंपनीशी संबंधित पाहुणे होते. त्यांनी लगेच गाडी देऊ केली. आता माघार कशी घेणार? जादा पेट्रोल टाकी आणि कारचे टायर बसवून तो एकटाच निघाला.

तुर्कस्तान, सीरिया, इराक, भारत, चीन, जपान. समुद्र लागला की गाडी जहाजावर. सुमारे दीड वर्षाने, डिसेंबर १९३३ मध्ये तो न्यूयॉर्कला पोहोचला.

पुढे त्याने उडणारी कार बनवली. १९५० मध्ये तिला अमेरिकी सरकारी प्रमाणपत्र मिळालं. पण ती बाजारात चालली नाही. २००४ मध्ये, ९५ व्या वर्षी त्याचं निधन झालं.