उजेडाला वळण लावणारा फोर्तुनी

रंगमंचावर दिवे लावणाऱ्याला आमच्या महाविद्यालयात ‘वायरमन’ म्हणतात. दोन स्नेहसंमेलने मी हे बिरुद निमूटपणे मिरवले. तिसऱ्या वर्षी मारिआनो फोर्तुनी या माणसाची माहिती वाचनात आली आणि माझी मान थोडी ताठ झाली.

फोर्तुनीचा जन्म १८७१ साली स्पेनमधील ग्रानादा येथे झाला. वडील नामांकित चित्रकार; परंतु मुलगा तीन वर्षांचा असतानाच ते वारले. बालपण पॅरिसमध्ये गेले. १८८९ साली हे कुटुंब व्हेनिसला आले. घोड्यांच्या सान्निध्यात मुलाला त्रास होई म्हणून घोडे नसलेले शहर निवडले, असे सांगतात!

१८९२ मध्ये तो बायरॉइटला गेला व वाग्नरच्या संगीतनाट्याने भारावला. त्या काळी रंगमंचावरचे आकाश म्हणजे वरून लोंबणाऱ्या रंगवलेल्या झालरी, आणि पायदिव्यांचा खालून येणारा उजेड. १९०० साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ‘ट्रिस्टान’चे नेपथ्य त्याने केले, तेव्हाही त्याचे मन उजेडातच गुंतले होते. १९०१ मध्ये त्याने आपल्या प्रकाशपद्धतीचे पेटंट घेतले.

त्याची युक्ती साधी होती. दुपारी आपल्या माजघरात ऊन शिरत नाही, तरी अंगणातल्या भिंतीवरून परतलेला उजेड तेथे पोचतो आणि त्याची सावली बोचत नाही. फोर्तुनीने प्रखर आर्क दिव्याचा झोत नटांवर न टाकता रंगीत रेशमी पट्ट्यांवर टाकला. पट्ट्या सरकवल्या की पहाटेची दुपार होई. झालरींच्या जागी त्याने पाव गोलाच्या आकाराचा कापडी घुमट उभारला. रिक्षाच्या टपासारखा तो मिटता येई. १९०६ साली पॅरिसमध्ये एका काउंटेसच्या खासगी नाट्यगृहात ही व्यवस्था बसली, जर्मनीतील ए. ई. जी. या विजेच्या कंपनीने तिच्या निर्मितीत हात घातला. ला स्कालालाही १९२२ मध्ये घुमट मिळाला.

परंतु परतलेल्या उजेडाला वीज फार लागते. शक्तिमान बल्ब आणि रंगीत काचा आल्यावर रेशमी पट्ट्या मागे पडल्या. फोर्तुनी १९४९ साली व्हेनिसमध्ये वारला. जगाला आज तो आठवतो तो बारीक चुण्यांच्या रेशमी झग्यामुळे. तो झगा मुळात पत्नी हेन्रिएट हिचा, अशी नोंद त्यानेच करून ठेवली. असा प्रामाणिकपणा कलावंतांत विरळाच.

गेल्या वर्षी एकांकिकेतल्या पहाटेसाठी मीही दोन हॅलोजन पांढऱ्या चादरीवर फिरवले. सावल्या खरोखरच विरघळल्या. मात्र मागच्या रांगांतून ओरड झाली की नटांचे चेहरे दिसत नाहीत. दोष फोर्तुनीचाच, पण शिव्या मी खाल्ल्या! यंदाही दिवे माझ्याकडेच आहेत. चादर धुऊन ठेवली आहे आणि तिसऱ्या हॅलोजनसाठी अर्ज केला आहे.